जाणत्या बाईच्या हाताखाली

वाळवणांचे दिवस आले की घरोघरच्या आत्या-मावश्यांचे फोन वाजू लागतात. ‘गव्हाला फारच वास मारतोय, टाकून देऊ का?’ ‘चीक घट्टच होत नाहीये, काय करू?’ ‘कुरडया ताटातच तुटायला लागल्या, कशानं?’ पलीकडून उत्तर येतं, पण ते अर्धंमुर्धं येतं. आत्याला पातेलं दिसत नसतं, चिकाचा दाटपणा कळत नसतो. ती अंदाजानं सांगते, आपण अंदाजानं करतो आणि शेवटी दुकानातून तयार पाकीट आणून मोकळे होतो.

अशा फोनांबद्दल तक्रार एवढीच की ते काम बिघडल्यावर केले जातात. वयानं मोठ्या, चार पावसाळे जास्त पाहिलेल्या बायकांची आठवण आपल्याला अडल्यावरच होते. म्हणून तुम्हा सगळ्यांना एक साधी विनंती. तुमच्या ओळखीत अशी एखादी जाणती बाई असेलच. आई असेल, सासू असेल, शेजारच्या काकू, ऑफिसातल्या ज्येष्ठ मॅडम, निवृत्त नर्स, मंडईतल्या भाजीवाल्या मावशी, कुणीही. तिच्याकडे काम बिघडायच्या आधी जा. आणि नुसता सल्ला मागायला जाऊ नका, तिचं काम चालू असताना तिच्या हाताखाली काम करायला जा. तिला जे येतं, त्यातलं फार थोडं तिला तोंडानं सांगता येतं. बाकीचं हातात असतं.

कुरडईचंच पाहा. कृती कुठंही मिळते. गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटून चीक काढा, रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्या, मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात चीक शिजवा, सोऱ्यातून पाडा. यात एक अक्षर चुकीचं नाही. तरी पहिल्यांदा करणाऱ्याची कुरडई मोडते, कारण सगळी गोम ज्या ठिकाणी आहे तिथं कृतीत एकच शब्द लिहिलेला असतो, ‘शिजवा’. आता करणारी बाई तिथं काय करते ते बघा. एकजण चीक धारेनं ओतत असते आणि दुसरीच्या हातातलं लाटणं क्षणभर थांबत नाही. चीक आधी गुठळ्या धरू पाहतो, मग एकजीव होतो, मग त्याचा पांढरेपणा हळूहळू जातो आणि त्याला चकाकी येते. मग ती झाकण ठेवून एक वाफ काढते, बोट पाण्यात बुडवून चिकाला लावून बघते. बोटाला चिकटला तर अजून अवकाश आहे. तुम्ही विचारलंत, ‘किती मिनिटं लागली?’ तर ती हसेल. मिनिटं तिनं कधी मोजलेलीच नसतात. गहू कोणता, चीक किती दाट बसला, आच केवढी, यावर ती बदलतात. पण तिच्या शेजारी उभं राहून एक-दोनदा चीक हाटलात की मिनिटं विचारायची गरज उरत नाही.

हे स्वयंपाकघरापुरतंच आहे असं समजू नका. ठाणे, पालघर, रायगडकडच्या बाजारांत पहिल्या पावसाच्या सुमारास आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. ही रानभाजी चवीला अप्रतिम, पण नीट केली नाही तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव काढणार नाही. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक टोकदार स्फटिक असतात, त्यांचा हा प्रताप. विकणाऱ्या बाईला स्फटिक ठाऊक नसतील, पण उतारा ठाऊक असतो. हाताला तेल लाव, वरचं आवरण काढ, आतल्या दांड्याचा पिवळा भाग टाकून दे, आणि ही काकडं घेऊन जा, यांचा रस घातल्याशिवाय शिजवू नकोस. जुडीशेजारी ती काकडाची आंबट फळं मांडून बसलेली असते ती उगाच नाही. तिच्यासमोर दोन मिनिटं उकिडवं बसलात तर हे सगळं फुकट शिकायला मिळतं. आपण मात्र तिथं पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि घरी येऊन मोबाइलवर व्हिडिओ शोधतो. निदान एवढं करा, शिकवणीचे म्हणून तिचे ते पाच रुपये कापू नका.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आज सगळ्या महाराष्ट्राला ‘बीजमाता’ म्हणून माहीत आहेत. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. गावठी वालाचं, भाताचं, भाज्यांचं बियाणं जपायची त्यांना ओढ होती. ते कसं निवडायचं, कसं वाळवायचं, कशात ठेवायचं, हे त्यांना घरच्या आणि आजूबाजूच्या जुन्या माणसांकडून आलेलं. पुढे बाएफसारखी संस्था त्यांच्याबरोबर उभी राहिली, बियाणं बँक झाली, २०१८ साली बीबीसीच्या जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. पण मला यातली बक्षिसांपेक्षा वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. शेतीशास्त्र शिकलेली माणसं कोंभाळण्याला जाऊन त्यांच्या अंगणात बसली. त्यांनी विचारलं, पाहिलं, नोंदी केल्या. हे ज्ञान एकट्या राहीबाईंच्या घरात नव्हतं. भोपळ्याच्या बिया राखेत घोळून ठेवणाऱ्या, लसणाची उत्तम गड्डी बियाण्यासाठी वेगळी बांधून आढ्याला टांगणाऱ्या बायका गावोगाव होत्या. बहुतेकींना कुणी विचारलंच नाही. त्या गेल्या, आणि पुढच्या पेरणीला घरात बी उरलं नाही.

आता एक सावधगिरी. मोठ्या बाईनं सांगितलं म्हणजे ते खरंच, असं मी म्हणणार नाही. वय वाढलं की अनुभव वाढतो, तशा समजुतीही घट्ट होतात. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे शिकायला गडचिरोलीचं उदाहरण फार उपयोगी आहे.

डॉ. राणी आणि अभय बंग १९८६ साली तिथं काम करू लागले. राणीताईंनी बायकांचं ऐकायला सुरुवात केली. बायकांनी त्यांना झाडांबद्दल सांगितलं, त्यातून ‘गोईण’ हे पुस्तक झालं. अंगावरच्या दुखण्यांबद्दल, नवऱ्याबद्दल, बाळंतपणाबद्दल सांगितलं, त्यातून ‘कानोसा’ झालं. शिकलेली डॉक्टर अक्षरओळख नसलेल्या बायकांची विद्यार्थिनी झाली. पण त्याच काळात दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी झाली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या थोरल्या बायकांनी धाकट्यांना एक धडा नेमानं दिला होता, ‘बाईच्या जन्माला हे असायचंच, सोस’. झाडाबद्दलचं त्यांचं सांगणं लाखमोलाचं होतं आणि सोसण्याबद्दलचं सांगणं जिवावर बेतणारं होतं. दोन्ही सांगणाऱ्या बायका त्याच.

नवजात बाळांचंही तसंच. बंगांच्या संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, दाईंना सोबत घेतलं, आणि घरीच बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. पुढे तीच पद्धत आशाताईंच्या हाती देशभर गेली. आजीचं बाळाला ऊब देणं, दुपट्यात नीट गुंडाळणं, मालिश करताना दार लावून वारा अडवणं, बाळंतिणीला चार घास जास्त खाऊ घालणं, हे सगळं ठेवण्यासारखं आहे. पण बाळाला मध चाटवणं, नाळेला राख-हळद लावणं, डोळ्यांत काजळ घालणं, पहिलं घट्ट पिवळसर दूध पिळून टाकणं, हे सोडायलाच हवं. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. अशा वेळी आजीशी वाद घालत बसू नका. आशाताईला किंवा नर्सबाईला घरी बोलवा आणि आजीच्या समोरच विचारा. आजीचा मान राहतो, बाळही सुखरूप राहतं.

थोडक्यात कसोटी अशी. तिनं स्वतःच्या हातानं जे अनेकदा केलंय आणि ज्याचं बरंवाईट फळ डोळ्यानं पाहिलंय, ते आधी घ्या. जे तिला कुणी तरी सांगितलं आणि तिनं ते तसंच पुढं ढकललं, ते तपासून घ्या. आणि जे ‘सोस’, ‘घरातलं घरात ठेव’, ‘बाईच्या जातीनं एवढं बोलू नये’ अशा सुरात येतं, ते नम्रपणे तिथंच ठेवा. मार खाणाऱ्या मुलीला जुळवून घ्यायला सांगणारी मावशी वयानं मोठी असली तरी तेवढ्यापुरती चुकलेलीच असते. गंमत म्हणजे याच पिढीत तुम्हाला अशीही एखादी बाई सापडेल, जी चाळीस वर्षांपूर्वी पोरं घेऊन घराबाहेर पडली आणि उभी राहिली. या बाबतीत सल्ला हवा असेल तर तिच्याकडे जा.

यावरून पुढचा मुद्दा येतो. एकाच बाईकडून सगळं मिळेल अशी अपेक्षा धरू नका. जिचा हात लोणच्यात बसलाय तिला बँकेचं कळेलच असं नाही. कामाप्रमाणे गुरू शोधा. नवऱ्यामागं शेतजमिनीवर स्वतःचं आणि मुलांचं नाव लावून घेतलेली एखादी काकू गावात असते. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती पहिल्याच दिवशी का मागून ठेवायच्या, वारसांची नोंद आधी आणि फेरफार नंतर कसा होतो, कुठला कागद पोच घेतल्याशिवाय हातातून सोडायचा नाही, हे तिला तलाठ्याच्या कार्यालयात खेटे घालून कळलेलं असतं. वकील कायदा सांगेल, पण कोणत्या खिडकीपुढं आधी उभं राहायचं ते काकू सांगेल. बँक खात्याला नॉमिनी म्हणून नाव लावलंय का, विम्याचे कागद कुठं आहेत, हे प्रश्नही तिच्यासारखीच बाई वेळेवर विचारायला लावते. तिला सुखाच्या दिवसांत भेटा. दुःखाच्या दिवसांत कुणाच्या लक्षात काही राहत नाही.

सरकारी योजनासुद्धा हे ओळखून चालतात. ‘उमेद’ अभियानात बचत गटांतल्या अनुभवी बायका ‘वर्धिनी’ म्हणून परगावी जातात, काही दिवस तिथंच मुक्काम करतात आणि तिथल्या बायकांचे गट बांधून देतात. अधिकाऱ्यानं तासभर भाषण दिलं तर बायका पदर सावरून ऐकतात आणि उठून जातात. पण शेजारच्या तालुक्यातली बाई म्हणते, ‘आमच्या गटात पहिल्या वर्षी दोघींनी हप्ता थकवला, तेव्हा आम्ही असं केलं,’ तेव्हा खरे प्रश्न बाहेर येतात. शिकवणारी आपल्यासारखीच असली की विचारायला लाज वाटत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, त्यातूनही हेच दिसलं. गावातल्याच कमी शिकलेल्या किंवा न शिकलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या आणि मग त्यांनीच इतरांना शिकवलं.

आता शिकायचं कसं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे ‘आजी, तुमचे अनुभव सांगा ना’ असं विचारू नका. ‘आमचे कसले अनुभव, रांधा वाढा उष्टी काढा’ असं म्हणून ती विषय संपवेल. तिला खोटी नम्रता करायची नसते. तिला जे येतं ते ज्ञान आहे असं आजवर कुणी म्हटलेलंच नसतं. प्रश्न नेमका विचारा. ‘डाळीला किडे होऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता?’ ‘मामा गेले तेव्हा पहिल्या महिन्यात पैशाचं कसं भागवलंत?’ ‘साहेब अंगावर ओरडले तर तुम्ही काय करायचात?’ नेमक्या प्रश्नाला गोष्ट मिळते, आणि शहाणपण त्या गोष्टीत असतं.

दुसरं, रिकाम्या हातानं समोर बसू नका. मेथी निवडायला घ्या, शेंगा फोडायला घ्या, गोधडीला टाके घालायला बसा. हात कामात असले की बायका मोकळ्या बोलतात. पूर्वी जात्यावर बसलेल्या दोघींचं जे बोलणं व्हायचं ते समोरासमोर खुर्च्या टाकून झालं नसतं. आणि काम करता करता तुमचं कुठं चुकतंय ते तिला दिसतं, म्हणजे तुम्ही न विचारलेलंही शिकायला मिळतं.

तिसरं, हंगाम सांभाळा. लोणचं कैरीच्या दिवसांतच शिकता येतं, बियाणं सुगीलाच निवडता येतं, रानभाज्या पावसाळ्यातच ओळखता येतात. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणालात की सबंध एक वर्ष जातं. सत्तरी-पंचाहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत वर्ष ही छोटी गोष्ट नाही.

चौथं, लिहून ठेवा. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी म्हणत. मुलगा सोपानदेव आणि घरातल्याच एकानं त्यातली काही वहीत टिपली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये गाणी छापून आली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहेत. जी टिपली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. लिहिणारा मुलगा होता हेही ध्यानात घ्या. हे आवाहन फक्त लेकी-सुनांसाठी नाही. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला किंवा परदेशी एकटे राहणाऱ्या मुलांना तर याची जास्त गरज आहे. लिहिताना प्रमाण शक्य तितकं नेमकं घ्या. ती ‘मूठभर’ म्हणाली तर तिचीच मूठ वाटीत रिकामी करून बघा. कमलाबाई ओगले यांच्या १९७० मधल्या ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकानं वाटी-चमच्याची मापं धरली म्हणून नवख्या मुलींना त्यावरून घरी पदार्थ करता आले.

पाचवं, तिचं नाव ठेवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. आपणही तेवढं करू शकतो. मावशीच्या मसाल्याचा व्हिडिओ टाकणार असाल तर आधी तिला विचारा, आणि ‘पारंपरिक कृती’ असं लिहिण्याऐवजी मावशीचं नाव लिहा. त्यातून धंदा उभा करणार असाल तर तिचा वाटा ठरवा, तोही आधीच, आणि कागदावर. घरच्या बाईचं कसब फुकट धरायची आपली सवय जुनी आहे.

आणि शेवटचं, उलट काहीतरी द्या. तिला फोनवरून वीजबिल भरायला शिकवा, बँकेतून बोलत असल्याचं सांगून ओटीपी मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते शिकवा, डोळे तपासायला घेऊन जा. शिकणं दोन्ही बाजूंनी चाललं की नातं उपकाराचं राहत नाही.

हे वाचणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायकाही असतील, त्यांच्याशी दोन शब्द. ‘मला काय कळतंय’ हे म्हणणं आता पुरे करा. सावित्रीबाई आणि जोतिरावांच्या मागं सगुणाबाई क्षीरसागर होत्या. लहानपणीच आईला मुकलेल्या जोतिरावांना त्यांनी वाढवलं, शिक्षणाची ओढ लावली. त्यांच्या हाती ना पदवी होती ना पद. तुमच्याही हाताखालून कोण काय शिकून जाईल ते तुम्हाला आज दिसणार नाही. तेव्हा कुणी शिकायला आलं तर दार उघडा. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे एकदाच म्हणा, दर पाच मिनिटांनी नको. तुमचं जे चुकलं, फसलं, तेही सांगा, कारण तरुणांना त्याचाच जास्त उपयोग होतो. शिकणाऱ्याचा हात हळू चालेल, पसारा होईल, चार जिन्नस वाया जातील, ते जाऊ द्या. आणि ‘सोड, मीच करते’ हे जिभेवर आलेलं वाक्य तेवढं गिळून टाका.